बिनडिझेलचा जनरेटर घ्यायला निघालात का, आधी हे वाचा

अंबड तालुक्यातलं आमचं गाव. मागच्या वर्षी डीपी जळाली अन् नवीन बसायला पंधरा दिवस लागले. पोरांचा अभ्यास, मोबाईल सगळंच बंद, तेवढ्यात सोयाबीनचे पैसे आले होते अन् एक जण भेटला. म्हणला, भाऊ, जुन्या जीपचा डायनामो, एक डीसी मोटर, बॅटरी अन् इन्व्हर्टर, बॅटरी मोटर फिरवती, मोटर डायनामो फिरवती, डायनामो परत बॅटरी भरतो, डिझेल नाही काही नाही, जन्मभर फुकट लाईट. त्याच्या दुकानात अर्धा तास चार बल्ब अन् पंखा चालू ठेवून दाखवला. मी येडा, २२ हजार मोजून आलो.

घरी अडीच तासात बॅटरी उतरली. फोन केला तर म्हणतो, तुमच्या घरचा लोडच लै आहे. लोड म्हणजे दोन एलईडी अन् एक पंखा हो!

मग आमच्या ऑटो इलेक्ट्रिशियन मामाला बोलावलं, त्याने क्लँप मीटर, म्हणजे तारेतला करंट मोजायचं यंत्र, लावला. मोटर ३६ अँपिअर ओढती अन् डायनामो परत देतो १४. मामा म्हणला, डायनामोला जेवढा जोर लावला त्यातला निम्मा-अर्धा उष्णतेतच जातो, वरून मोटरीचं, बेल्टचं, इन्व्हर्टरचं नुकसान वेगळं. दुकानात जे बल्ब पेटले ते आधीच भरून ठेवलेल्या १०० एएचच्या बॅटरीवर, अर्ध्या तासात तिला काय होतंय? डायनामोवर ताजा काळा रंग मारलेला, खोलला तर ब्रश पार झिजलेले अन् रेग्युलेटर एमसीलने चिकटवलेला.

डायनामो वाईट नाही बरं का, त्याला फिरवायला खरा दम पाहिजे. आता मामाने तोच नीट करून पाण्याच्या डिझेल इंजिनला जोडलाय, इंजिन १५०० आरपीएम, त्याला ८ इंची पुली अन् डायनामोला अडीच इंची, म्हणजे पावणेपाच हजाराच्या आसपास फिरतो अन् बॅटरी मस्त भरती. पण डिझेल लागतं, फुकट कुठलं!

परवा शेजारच्या दाजींना त्याच दुकानात जनरेटर घ्यायला जायचं होतं, मी मीटर घेऊन सोबत गेलो. म्हणलं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू ठेव, आम्ही इथंच बसतो. तर तो म्हणतो, आज नाही जमणार, कालपासून आमच्याकडं लाईटच नाही.