‘आपल्यातली’ म्हणून २,२६५ डॉलर

२,२६५ डॉलर. आकडा आधीच सांगून टाकते, कारण नवऱ्याला तो मी दोन हप्त्यांत सांगितला होता आणि त्याची लाज अजून गेलेली नाही. थेरपिस्ट म्हणवणाऱ्या एका मराठी बाईंना दिलेले: पहिल्या भेटीचे २२५, बारा सेशनच्या पॅकेजचे १,८९० आणि ऑफिसला द्यायच्या पत्राचे १५०. पदरात पडली पाच सेशन आणि ऑफिसने कधी मागितलंच नाही असं एक पत्र.

मार्चमध्ये सांगलीला बाबा गेले. माझ्या व्हिसाचा शिक्का संपलेला. गेले असते तर परत कधी येता येईल याचा भरवसा नव्हता. इथे न्यू जर्सीत, एडिसनच्या स्वयंपाकघरात उभी राहून अंत्यविधी मोबाईलवर बघितला. त्यानंतर झोपच गेली. डॉक्टर म्हणाल्या, थेरपी घे, जवळपासची एखादी एलसीएसडब्ल्यू, म्हणजे थेरपी करायचं लायसन्स असलेली सोशल वर्कर, शोध.

शोधून बघा एकदा. इन्शुरन्सच्या यादीतले नऊ फोन मी लावले. तीन नंबर बंद. चार जणी नवीन पेशंट घेत नव्हत्या. एकीने ऑगस्टची तारीख दिली, एप्रिलमध्ये. नववीशी बोलणं झालं, चांगली होती बिचारी, पण तेरावं म्हणजे काय, ते भावाने एकट्याने केलं तर मला नेमकं काय टोचतंय, हे इंग्रजीत समजावता समजावताच मी दमले. ‘आधी नीट चौकशी करायची ना’ असं आता जे मला ऐकवतात त्यांनी हे नऊ फोन करावेत आणि मग बोलावं.

अशा वेळी इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर कुणीतरी एका थेरपिस्टचा नंबर टाकला. ‘आपल्यातल्याच आहेत, मराठीत बोलतात, लायसन्स्ड आहेत.’ फोन केला तर पलीकडून, ‘अगं बाळा, बोल.’ मी तिथेच रडायला लागले. खरं तर फसवणूक तिथेच पूर्ण झाली होती, पुढे नुसती वसुली.

एका सेशनचे १७५ डॉलर. बारांचे २,१००, पण एकदम भरले तर दहा टक्के सूट. पैसे बँकेच्या अ‍ॅपवरून तिच्या फोन नंबरवर. कार्ड का नाही? ‘कार्डवाले उगाच तीन टक्के खातात गं.’ मला पटलं. आपल्याला असलं लगेच पटतं. कार्डने भरले असते तर निदान वाद घालता आला असता. अ‍ॅपवरून आपल्या हाताने पाठवलेले पैसे म्हणजे कुणाच्या हातात रोख ठेवल्यासारखेच, हे तेवढं लक्षात ठेवा.

आता तो क्षण, जो मला रात्री अजून आठवतो. दुसऱ्या सेशनला मी विचारलं, ‘ताई, इन्शुरन्सच्या फॉर्मवर टाकायला तुमचा लायसन्स नंबर हवा होता. आणि संमतीपत्र वगैरे काही सही करायचं असतं ना?’ ती हसली. ‘आपल्यात कशाला गं कागद?’ आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दहा आकडी नंबर पाठवला. ‘हा टाक, चालतो.’

मी नोकरीने टेस्टर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा पगार घेते. आणि तो नंबर मी बघितला, फॉर्मवर टाकला आणि पुढे गेले. दहा आकडी नंबर हा एनपीआय असतो, म्हणजे आरोग्यसेवा देणाऱ्यांचा नुसता ओळख क्रमांक. तो अर्ज केला की मिळतो, आपण कोण ते ज्याने त्याने स्वतःच लिहायचं असतं, आणि तो मिळाला म्हणजे लायसन्स आहे असं मुळीच नाही. न्यू जर्सीत एलसीएसडब्ल्यूचा लायसन्स नंबर ‘४४एससी’ने सुरू होतो. ‘४४एसएल’ असेल तर ती एलएसडब्ल्यू, म्हणजे मास्टर्स झालेली, पण उपचार कुणाच्या तरी देखरेखीखालीच करू शकणारी; ती कोणाच्या हाताखाली आहे ते विचारायचं. राज्याच्या वेबसाइटवर नाव टाकलं की फुकटात दिसतं. दोन मिनिटांचं काम. मी ते केलं पाच सेशननंतर, रात्री पावणेदोनला. नाव नव्हतंच. स्पेलिंग बदलून पाहिलं, माहेरचं आडनाव घालून पाहिलं. नाही म्हणजे नाही.

तोवर इन्शुरन्सचं पत्र आलं होतं: क्लेम नामंजूर. तिने दिलेल्या सुपरबिलावर, म्हणजे इन्शुरन्सकडे पैसे मागायला लागणाऱ्या तपशीलवार बिलावर, नावापुढे एलसीएसडब्ल्यू आणि कोड ९०८३७, म्हणजे तासाभराच्या थेरपीचा. आमचं सेशन चाळीस मिनिटांच्या वर कधी गेलं नाही. चहा गाळल्याचे आवाज धरून. ते बिल अपलोड केलं कुणी? मी. त्यामुळे कंपनीच्या चौकशीवाल्याचा फोन मलाच. किती मिनिटं बसायचात, तुम्ही एकमेकींना आधीपासून ओळखता का, पैसे परत मिळालेत का. चोरी माझ्याकडे झाली आणि उलटतपासणीही माझीच.

तिला विचारलं तर म्हणाली, ‘माझं लायसन्स इंडियाचं आहे, इथे मी कोचिंग करते.’ इंडियात सोशल वर्करला इथल्यासारखं लायसन्सच नसतं! एमएसडब्ल्यू ही नुसती सोशल वर्कची पदवी झाली. आणि लाइफ कोच म्हणवून घ्यायला इथे कसलीच परवानगी लागत नाही, तुम्ही-मी उद्या सकाळी पाटी लावू शकतो. दुसऱ्या दिवशी तिने मला ब्लॉक केलं. माझी सात सेशन तिच्याकडे, आणि बाबांबद्दल मी जे जे बोलले तेही.

मग सुरू झाली वारी. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, कुणी चोरले नाहीत. पोलिसांनी रिपोर्ट लिहून घेतला, त्यात तिचं आडनाव चुकवलं आणि हे दिवाणी प्रकरण आहे म्हणून कागद हातात दिला. राज्याच्या एका कार्यालयात तक्रार केली तर पहिल्या बाईंनी विचारलं, त्यांचा लायसन्स नंबर सांगा. अहो, तो नाही हीच तर तक्रार आहे! नंबराशिवाय फॉर्म पुढे सरकेना. दुसऱ्या बाईंनी दुसरा फॉर्म दिला. सात आठवड्यांनी पत्र आलं: तक्रार मिळाली, आणि पैसे मिळवून देणं आमच्या कामात बसत नाही. फोन केला की एकतीस मिनिटं तेच सतारीसारखं संगीत आणि मग लाइन कट. एकाने तर मला विचारलं, ‘तुम्हाला बरं वाटलं का त्या सेशननी?’ म्हणजे बरं वाटलं असतं तर चाललं असतं?

स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या कोर्टात, ५,००० डॉलरपर्यंत दावा लावता येतो, वकील लागत नाही. पण समन्स पोचवायला पत्ता लागतो. तिचा पत्ता म्हणजे भाड्याची टपालपेटी. खऱ्या थेरपिस्टचा पत्ता बिलावर असतो; मी तोही बघितला नव्हता.

आणि मंडळी आपली? इथल्या गणेशोत्सवाच्या समितीतल्या एका काकांनी समजावलं, ‘मराठी माणसाचं नाव कशाला खराब करायचं? त्यांच्या मिस्टरांची तब्येत बरी नसते.’ माझे वडील गेलेत, काका.

सध्या एका गुजराती बाईंकडे जाते. हिंदी-इंग्रजीत रडते, जमतं. पहिल्याच व्हिडिओ सेशनला त्यांनी विचारलं की तुम्ही आत्ता कुठल्या राज्यात, कुठल्या पत्त्यावर बसला आहात. लायसन्स पेशंट बसलाय तिथलं लागतं, आणि काही झालं तर मदत कुठे पाठवायची ते माहीत हवं. ‘ताईं’नी पाचही वेळा हे विचारलं नव्हतं, मी गाडीत बसून बोलत होते तेव्हाही नाही. खर्चाचा लेखी अंदाजही यांनी न मागता दिला. इन्शुरन्स न वापरता पैसे भरणाऱ्याला तो द्यावा असा २०२२ पासून कायदाच आहे. त्यांचा नंबर मी त्यांच्यासमोरच वेबसाइटवर टाकला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, सगळ्यांनी हेच करायला हवं.

काल गणेशोत्सवाची स्मरणिका घरी आली. बाविसाव्या पानावर अर्ध्या पानाची जाहिरात आहे. ‘लायसन्स्ड’ शब्द गेलाय, त्या जागी ‘मनःस्वास्थ्य मार्गदर्शक’ आलंय. खाली लिहिलंय, ‘मराठीतून मन मोकळं करा.’ फोन नंबर तोच आहे.