फ्रेड : मंदीत अमेरिकेचा अध्यक्ष का पडतो, हे तपासायचं फुकट साधन

नागपुरात बर्डीवरच्या झेरॉक्स दुकानांत मिळणाऱ्या नोट्समध्ये एक वाक्य हमखास सापडतं : मंदी आली की अमेरिकेचा अध्यक्ष पुन्हा निवडून येत नाही. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं तपासायला एक रुपयाही लागत नाही, कारण सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेची (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँक व्यवस्थेतली एक बँक) ‘फ्रेड’ ही वेबसाइट सगळ्यांना खुली आहे. १९९१ पासून चालू असलेल्या या साइटवर आठ लाखांहून जास्त आकडेमालिका आहेत आणि खातं न उघडताही त्या बघता येतात. यूपीएससी-एमपीएससीवाले आणि एम.ए.ला अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र घेतलेले, दोघांच्याही कामाची. पाचपैकी चार गुण. एक का कापला, ते पुढे येईलच.

सुरुवात बेरोजगारीपासून करा. सर्चमध्ये रोमन लिपीत ‘अनएम्प्लॉयमेंट रेट’ टाका आणि १९४८ पासूनची मासिक मालिका उघडा. तिच्यावर ‘सीझनली अ‍ॅडजस्टेड’ लिहिलेलं हवं. तसं नसेल तर नाताळच्या हंगामातली तात्पुरती भरती आणि जानेवारीतली कपात तुम्हाला आर्थिक घडामोड वाटेल.

आता दोन महिने शेजारी ठेवा. ऑक्टोबर १९८० : ७.५ टक्के. ऑक्टोबर १९८४ : ७.४ टक्के. आकडा जवळजवळ तोच, पण इलेक्टोरल मतांत (राज्यांमागे मिळणारी, अध्यक्ष ठरवणारी मतं) कार्टर ४९ विरुद्ध ४८९ असे आपटले आणि रेगन ५२५ विरुद्ध १३ असे जिंकले. आलेख मागे सरकवला की कारण दिसतं. १९७९ च्या अखेरीस ६ टक्क्यांवर असलेला दर कार्टरच्या निवडणूक वर्षात वर चढला, शिवाय महागाई वर्षभर सरासरी १३.५ टक्के होती. रेगनकडे १९८२ च्या अखेरीस १०.८ टक्के होते आणि तिथून दर उतरत आला. मंदी कार्यकाळाच्या सुरुवातीला येऊन गेली तर अध्यक्ष बहुधा तरतो, निवडणुकीच्या तोंडावर आली तर बुडतो. ओबामांचंही तेच : ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्के, ऑक्टोबर २०१२ मध्ये ७.८, आणि विजय. त्याहून मागे जायचं तर बेरोजगारीची ही मालिका पुरत नाही. ‘रिअल जीडीपी’ची (महागाईचा परिणाम वगळलेल्या एकूण उत्पादनाची) वार्षिक मालिका घ्या, ती १९२९ पासून आहे. १९३२ मध्ये अर्थव्यवस्था जवळपास १३ टक्के आकसली आणि हूव्हर गेले. १९३६ मध्ये ती जवळपास तेवढीच वाढली आणि रूझवेल्ट ५२३ विरुद्ध ८ असे परत आले. बेकारी तेव्हाही भयंकरच होती.

कापलेला गुण इथे आहे. आलेखावरच्या करड्या पट्ट्या म्हणजे मंदीचा काळ. त्या इतक्या ठाम दिसतात की मतदारालाही तेव्हा त्या दिसत होत्या असंच वाटतं. १९९२ पाहा. पट्टी मार्च १९९१ ला संपते, पुढे जीडीपी वाढतच जातो. मग थोरले बुश हरले कसे? मंदी संपल्याचं अधिकृत जाहीर झालं २२ डिसेंबर १९९२ ला, म्हणजे ३ नोव्हेंबरचं मतदान उरकल्यावर. लोकांना दिसत होती ती जून १९९२ मध्ये ७.८ टक्क्यांवर गेलेली बेरोजगारी. त्यात अपक्ष उमेदवार रॉस पेरो सुमारे १९ टक्के मतं घेऊन गेले, तो घटक कुठल्याच आर्थिक आलेखात मावत नाही. जीडीपीचे आकडेही नंतर सुधारले जातात. मतदानाच्या वेळी छापलेले आकडे हवे असतील तर याच बँकेच्या ‘अल्फ्रेड’ विभागात जाऊन तीच मालिका उघडायची आणि निवडणुकीआधीची ‘व्हिंटेज’ तारीख निवडायची. बहुतेक विश्लेषणं हे करत नाहीत, आजचे सुधारलेले आकडे जुन्या मतदाराच्या डोक्यात कोंबतात. फ्रेडनं निदान आलेखाखाली ठळक सूचना तरी द्यायला हवी होती.

महागाईसाठी ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे सीपीआय. इथे ‘एडिट ग्राफ’मध्ये जाऊन ‘युनिट्स’ बदलल्याशिवाय काही कळत नाही. ‘पर्सेंट चेंज फ्रॉम इयर अगो’ निवडलं की जून २०२२ चा ९.१ टक्क्यांचा सुळका आणि ऑक्टोबर २०२४ चा २.६ टक्क्यांचा सपाट भाग दिसतो. यावरून सत्ताधारी पक्ष सुखात असायला हवा होता. आता युनिट्समध्ये ‘इंडेक्स’ घेऊन जानेवारी २०२१ म्हणजे १०० धरा. ऑक्टोबर २०२४ ला रेषा १२० च्या आसपास निघते. कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा भाव चढायचा थांबला म्हणून गिऱ्हाईक जुना भाव विसरत नाही, तसंच हे. बायडेन २१ जुलैलाच शर्यतीतून बाहेर पडले होते, तरी बिल त्यांच्या जागी उभ्या राहून हरलेल्या कमला हॅरिस यांच्या नावावर फाटलं. दोन्ही युनिट्सचे आलेख काढल्याशिवाय महागाईवर लिहू नये.

दरडोई खऱ्या खर्चयोग्य उत्पन्नाची मालिका (‘रिअल डिस्पोजेबल पर्सनल इन्कम : पर कॅपिटा’) अंदाज बांधणाऱ्यांची लाडकी. पण २०२० मध्ये ती सपशेल फसवते. एप्रिलमध्ये बेरोजगारी १४.८ टक्के झाली आणि त्याच महिन्यात उत्पन्न उसळलं, कारण सरकारी मदतीचे १,२०० डॉलरचे चेक खात्यांत पडले. निव्वळ ही रेषा बघणाऱ्यानं ट्रम्प यांचा दणदणीत विजय सांगितला असता. ते २३२ विरुद्ध ३०६ असे हरले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या तिमाहीची जीडीपीची घट सुमारे २८ टक्के दिसते, तो वार्षिक दर आहे, म्हणजे तोच वेग वर्षभर टिकला असता तर झाली असती ती घट. त्या तिमाहीतली प्रत्यक्ष घट आठ टक्क्यांच्या आसपास.

मतांचे आकडे फ्रेडवर मिळत नाहीत, ते अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवरून आणावे लागतात. मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन अशा काट्याच्या राज्यांची बेरोजगारी मात्र वेगवेगळी मिळते, आणि निकाल तिथेच लागतो. ‘अ‍ॅड लाइन’नं तिन्ही एका आलेखावर घ्या. मिशिगन विद्यापीठाचा ग्राहक-विश्वास निर्देशांक मूळ संस्थेच्या विनंतीवरून इथे एक महिना उशिरा येतो. भारताच्या आकड्यांसाठी या साइटच्या वाटेला जाऊ नका, कित्येक मालिकांवर ‘डिसकंटिन्यूड’ लिहिलंय. (आपल्या राष्ट्रपतींना हा नियम लावायचाही नाही, त्यांना खासदार-आमदार निवडतात.)

रोजगाराचा नवा आकडा साधारण महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येतो. वॉशिंग्टनची सकाळी साडेआठची वेळ म्हणजे उन्हाळ्यात नागपुरात संध्याकाळचे सहा, हिवाळ्यात सात. फ्रेडवर तो त्यानंतर थोड्या वेळानं चढतो. अभ्यासिकेचं वायफाय रडत असेल तर आलेख न उघडता ‘डाउनलोड’मधून सीएसव्ही फाइल घ्या, ती छोटी असते आणि मोबाइलवरही उघडते.