खरेदीखताच्या स्कॅनसाठी केऑस की एईएस?

पणजोबांच्या नावचे मोडीतले खरेदीखत खानापूरहून कोल्हापूरच्या आतेभावाकडे वाचायला पाठवायचे होते, आणि विषय भाऊबंदकीचा असल्यामुळे स्कॅन उघडा पाठवण्याची माझी तयारी नव्हती. एईएस हे जगभर वापरले जाणारे प्रमाणित कूट हाताशी होतेच. पण बेळगावात अभियांत्रिकी शिकताना केऑसवर, म्हणजे सुरुवातीच्या किंचित फरकाने पुढचे सगळे आकडे बदलणाऱ्या सूत्रांनी चित्रे कूटबद्ध करण्यावर, प्रकल्प केलेला असल्यामुळे मी आधी त्याच वाटेने गेलो.

ती पद्धत मोहक आहे, हे मान्य करायला हवे. पिक्सेलांच्या जागा बदलायच्या आणि मग त्यांच्या किमती, ही संशोधक जेसिका फ्रिड्रिख यांनी १९९८ मध्ये मांडलेली चौकट समजायला सोपी आहे. पिक्सेलांच्या फक्त जागा फिरवणाऱ्या कॅट मॅप या सूत्रावर मात्र विसंबू नये, कारण २५६ बाय २५६ च्या चित्रात १९२ फेऱ्यांनंतर मूळ चित्र जसेच्या तसे परत येते. बिटमॅपवर एईएसही ईसीबी पद्धतीने, म्हणजे प्रत्येक तुकडा सुटा कूटबद्ध करत, चालवले, तर आकृत्यांच्या कडा डोकावतात; तिथे सारख्या तुकड्यांचेही वेगवेगळे कूट करणारी जीसीएम पद्धत घ्यावी.

माझा निर्णय झाला तो वेगळ्याच त्रासामुळे. घरच्या जुन्या ३२-बिट संगणकावर कूटबद्ध केलेले खत आतेभावाच्या लॅपटॉपवर, तोच प्रोग्रॅम आणि तीच किल्ली असूनही, नुसत्या मुंग्या होऊन उघडले. दोन संध्याकाळी आम्ही फोनवर किल्लीतला एकेक अंक ताडून पाहिला. ‘दादा, परत सांग’ म्हणून तो बिचारा थकला. चूक किल्लीत नव्हतीच. जुना प्रोसेसर मधली गणिते ८० बिटांत करत होता, नवा ६४ बिटांत. आणि आधीच्या आकड्यावरून पुढचा काढणाऱ्या लॉजिस्टिक मॅप या माझ्या प्रोग्रॅममधल्या केऑसच्या सूत्राचा गुणक ४ च्या जवळ असला, की फरक सरासरीने दर पायरीला दुपटीच्या आसपास वाढतो, त्यामुळे सोळाव्या दशांशातली तफावत पन्नास-साठ पायऱ्यांत सगळेच आकडे बदलून टाकते. खताच्या स्कॅनमध्ये पिक्सेल तर लाखांनी होते. जी संवेदनशीलता आम्ही प्रकल्पाच्या अहवालात या पद्धतीचे भूषण म्हणून लिहिली होती, तीच आडवी आली.

एईएसचे काम बाइटांवर चालते, तिथे दशांशांचा संबंधच येत नाही. तोच कागद पहिल्या खेपेला उघडला. माझा अनुभव संगणकांच्या एकाच जोडीचा आहे, आणि पूर्णांकांत गणित बसवले असते तर हे घडले नसते, असे कोणी म्हटल्यास ते नाकारता येणार नाही. पण मग संख्या मर्यादित असल्यामुळे मालिका कधीतरी फिरून त्याच जागी येणार, ते चक्र किती लांब आहे हे तपासत बसायचे, आणि इतके करून हाती येणार ते मी एकट्याने पारखलेले कूट. एईएसवर मात्र २००१ मध्ये ते मानक होण्याच्या आधीपासून जगभरचे अभ्यासक डोके आपटत आले आहेत.