परतवाड्याचा उस्ताद आणि माझी ६८ची फियाट

गॅरेजचं नाव देत नाही. जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या उस्तादांनीच मना केलं. "नाव टाकू नका भाऊ. मंग लोकं पल्सरचं ऑइल बदलाले रांग लावतात, अन् माहं हे काम राहून जाते." तेव्हा पत्ता एवढाच: अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्यात आरा मशीनच्या ओळीमागं टिनाचं शेड आहे, पाटी नाही. बाहेर बोनेट नसलेली एक जीप कित्येक वर्षांपासून उभी आहे, तीच पाटी समजा. कार्बोरेटरवाली जुनी गाडी बाळगणारा माणूस विचारत विचारत पोचतोच.

माझी गाडी १९६८ची फियाट ११०० डिलाइट. बाबांनी अमरावतीच्या एका वकिलाकडून जुनीच घेतली होती, संत्र्याचा मृगबहार बरा विकला गेला त्या वर्षी. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, चार गिअर, गिअरचा दांडा स्टेअरिंगला. लोक हिला पद्मिनी म्हणतात. ते नाव पुढं आलं, सांगाडा हाच. कोणी 'डुक्कर फियाट' म्हटलं की मात्र मी थांबवतो. ती गोल पाठीची, त्याच्या आधीची. माझीच्या पाठीला छोट्या शेपट्या आहेत.

उस्तादांकडं जायची पाळी आली ती गेल्या मे महिन्यात. बायकोला घेऊन चिखलदऱ्याला निघालो होतो. धामणगाव गढी मागं पडली, घाट लागला, दुसऱ्या गिअरवर गाडी आरामात चढत होती, अन् पेट्रोलचा वास यायला लागला. बोनेट उघडलं तर पंपाकडून कार्बोरेटरकडं (हवा-पेट्रोल मिसळतं तिथं) जाणारी रबरी नळी घामेजलेली. दाबली तर कोवळ्या दोडक्यासारखी दबली, बोटाला काळं चिकट लागलं. थेंब थेंब पेट्रोल गरम इंजिनावर गळत होतं. ती नळी तीन महिन्यांपूर्वीच दुसऱ्या एका गॅरेजात 'नवी कोरी' म्हणून टाकून घेतली होती. आमच्या मंडळींनी पाण्याची कॅन उतरवली, दहा पावलं लांब जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही गाडी एक दिवस तुमच्यासकट जळणार आहे. मी सोबत नाही."

उस्तादांनी पहिल्या भेटीत गाडीला हात लावला नाही. ती नळी मागितली, ब्लेडनं लांबीत चिरली आणि उलगडून माझ्या तळहातावर ठेवली. आतून खपल्या सुटल्या होत्या, जळक्या पापडासारख्या. "हे तुमच्या जेटमधी जाते. मंग तुमी म्हणता गाडी झटके मारते." जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या काळचं रबर, बुचाचे गास्केट, पंपाचा पडदा, यातलं काहीच त्या हिशेबानं बनलेलं नव्हतं. इथेनॉल रबर फुगवतं, हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पन्नास वर्षांच्या टाकीत बसलेला गंज सोडवून पुढं पाठवतं. म्हणून त्यांनी नुसती नळी बदलायला साफ नकार दिला. टाकी उतरवली, आतून धुतली, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत जिथं जिथं रबर होतं ते सगळं फ्युएल इंजेक्शनच्या नव्या गाड्यांना लागतं त्या जातीचं टाकलं, पंपाचा पडदा बदलला, वर पारदर्शक फिल्टर बसवला. जुनं निघालेलं सगळं खोक्यात भरून परत दिलं. हा त्यांचा नियमच आहे. माझ्या माळ्यावर आता त्या खोक्याला बायको 'अस्थी' म्हणते.

खरी कारागिरी मला दिसली ती जेटच्या वेळी. इथेनॉलवाल्या पेट्रोलला जास्त पेट्रोल अन् कमी हवा लागते, नाहीतर मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन तापतं. बाकीचे मेकॅनिक अशा वेळी जेटला बारीक ड्रिल मारतात, मग ते भोक गोल राहिलं की नाही देव जाणे. उस्तादांकडं होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या जुन्या बाटल्यांत सोलेक्सचे जेट नंबराप्रमाणं भरून ठेवलेत. नंबर म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. माझ्या गाडीत होता त्याच्यापेक्षा पाच नंबर मोठा लावला, म्हणजे फरक फक्त ०.०५ मिमीचा. मग मला चालवायला बसवलं, स्वतः शेजारी. धामणगाव रस्त्याला तिसऱ्या गिअरवर चढावर ताण दिला, आणि अचानक, "बंद करा, क्लच दाबा, जाऊ द्या तशीच." गाडी घरंगळत थांबली. खाली उतरून गरम प्लग पान्यानं काढला, फडक्यात धरला, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्याजवळ नेला. चिनीमातीचा भाग राखेसारखा पांढुरका. "उपाशी आहे." म्हणजे पेट्रोल कमी. परत शेड. आणखी पाच नंबर मोठा जेट. परत चढ. या वेळी काळपट. "आता अपचन." मग त्यांनी दोन्हींच्या मधला एक जेट शोधून काढला. तो एका हरवलेल्या बाटलीत होता, म्हणून गॅरेजातल्या पोट्ट्याला अर्धा तास शिव्या बसल्या. तिसऱ्या खेपेला प्लग भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलाच्या रंगाचा निघाला. उस्ताद काही बोलले नाहीत. प्लग माझ्या हातात दिला आणि बिडी पेटवायला गाडीपासून दूर गेले.

त्यानंतर महिनाभरात दोनदा चिखलदरा झाला. बायको आली सोबत. कॉफी प्यायलो, झटका नाही, वास नाही.

ब्रेकबद्दल वेगळं सांगावं लागेल. या गाडीला चारही चाकांना ड्रम आहेत आणि सगळ्यांना तेल पुरवणारं सर्किट एकच. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले, मग घाटात हँडब्रेक आणि हनुमान. हे मला चाळीस वर्षं माहीतच नव्हतं, बाबांनाही नसावं. उस्तादांनी मास्टर सिलिंडर उघडला, चारही चाकांच्या सिलिंडरचे रबर बदलले, लोखंडी नळ्या दिव्याखाली बोटानं चाचपत पाहिल्या आणि मागच्या चाकाची एक बाद केली. वरून पाहिलं तर चांगली दिसत होती. त्यांनी ती वाकवली आणि कट्‌ करून तुटली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आता तक्रारी. वेळेच्या बाबतीत हा माणूस बेभरवशाचा आहे. "पोळ्यापर्यंत देतो" म्हणाले. पोळा गेला, तान्हा पोळा गेला, गणपती बसले आणि उठले. फोन लावला की पोट्टा उचलतो, "उस्ताद नमाजले गेले." दिवसातून पाचच वेळा असते रे बाबा, मी सात वेळा फोन केला. गाडी मिळाली दिवाळीच्या चार दिवस आधी. सामान येत नाही हे खरंच कारण होतं, पण ते आधी सांगितलं असतं तर मी दर आठवड्याला परतवाड्याच्या चकरा मारल्या नसत्या. सामानाचं गणित त्यांनी एकदा समजावलं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्स्या होत्या म्हणून कोणीतरी किंगपिन बुश, वॉटर पंप, डायनॅमोचे ब्रश बनवत होतं. ऑक्टोबर २०२३मध्ये त्यातली शेवटची रस्त्यावरून उतरली. "गिऱ्हाईकच गेलं तं दुकानदार कायले ठेवीन?" आता ते मुंबई-दिल्लीहून जिथून मिळेल तिथून दोन-दोन नग घेऊन ठेवतात, आणि आलेल्या चारपैकी एक तरी चुकीच्या मापाचा निघतो.

दुसरी तक्रार, रंगकाम. ते त्यांच्याकडं देऊच नका. ते स्वतः करत नाहीत, शेजारच्याला देतात, आणि शेजारी लांबी (पत्र्याचे खड्डे भरायची पुट्टी) भरण्यात उदार आहे. माझ्या डाव्या मडगार्डला चुंबक लावून पाहिलं तर तो चिकटलाच नाही. उस्तादांना दाखवलं तर म्हणाले, "ते माह्या हातचं नाही भाऊ." बिल मात्र त्यांच्याच हातचं होतं.

आणि तिसरी, जिच्यामुळं मला नागपुरात मान खाली घालावी लागली. हिवाळ्यात तिथं जुन्या गाड्यांची रॅली होती, मी पहिल्यांदाच गाडी घेऊन गेलो. स्वतः चालवत, अमरावतीवरून. अशा रॅलीचे दोन भाग असतात. एक, गाडी उभी करून दाखवायची. दुसरा, ठरलेल्या रस्त्यावर ठरलेल्या सरासरी वेगानं न्यायची. ही शर्यत म्हणजे बैलांचा शंकरपट नव्हे. जोरात पोचला तर मार्क जातात, उशिरा पोचला तरी जातात. वाटेत लपलेले लोक घड्याळ घेऊन बसलेले असतात.

या चालवायच्या भागाची तयारी उस्तादांनी अशी करून घेतली होती की मी अजून चकित आहे. माझ्या गाडीला मूळ ५.२०-१४चे टायर नाहीत, जरा ठेंगणे रेडियल आहेत. ठेंगणं चाक जास्त वेळा फिरतं, म्हणून मीटर जास्त अंतर दाखवतं. उस्तादांनी मला अमरावती रस्त्यावर किलोमीटरचे दगड मोजत न्यायला लावलं. दहा दगड झाले तेव्हा मीटरवर १०.४. तो आकडा खडूनं डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला लिहिला आणि म्हणाले, "मीटर जे म्हणते त्यातून शंभराले चार कमी करा, बस." बायको शेजारी बसून मोबाइलवर भागाकार करत होती, मी ऐकत होतो, "हळू… अजून हळू… आता दाबा." आमच्या वर्गात तिसरा नंबर आला. बक्षीस स्टीलचा थर्मास. बायको तो स्वतःचाच समजते आणि तिचं चुकत नाही.

उभ्या गाडीच्या भागात मात्र आम्ही साफ झोपलो. आपल्याकडं पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात, बेगड लावतात, झूल घालतात. पण तोरणाखाली जाणता माणूस खांदा आणि खूर पाहतो. परीक्षकही तसाच निघाला. पॉलिशकडं त्यानं पाहिलंही नाही. डिकी उघडायला लावली, मूळचा जॅक आणि पान्यांची पिशवी कुठंय विचारलं. जॅक होता, पिशवी नव्हती. मग बोनेटखाली वाकला आणि वायरिंगवर बोट ठेवलं. उस्तादांनी सगळ्या वायरी प्लास्टिकच्या पांढऱ्या पट्ट्यांनी नीट बांधल्या होत्या, १९६८च्या गाडीत! इतकं सुंदर काम आणि वर ते पांढरे प्लास्टिक चमकताहेत. परीक्षक हसला नाही, हे त्यातल्या त्यात बरं. कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या ॲम्बेसेडरकडं गेला.

परत आल्यावर उस्तादांना सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, खरोखर. म्हणाले, मले वाटलं तुमी घाटात फिरता, नवरीसारखी उभी नाही करत. हे त्यांचं बरोबर होतं, मीच सांगितलं नव्हतं. कोणी गाडी प्रदर्शनासाठी करून घेणार असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, तोंडी नाही, कागदावर.

नोंदणीबद्दल बरेच जण विचारतात. ५० वर्षं झालेल्या गाड्यांसाठी २०२१पासून व्हिंटेजची वेगळी नोंदणी आहे, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' येतं. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांनाच. मी त्या वाटेला गेलो नाही. मला संत्र्याच्या बागेत जायला, चिखलदऱ्याला जायला गाडी लागते.

बिल ४१,३०० रुपये झालं. त्यात मजुरी १४,०००, रंगाचे ६,०००, बाकी सामान आणि इंजिनाचं हेड अन् व्हॉल्व्ह घासून घेण्याचं काम. लाकडाच्या पावतीच्या पाठीवर लिहिलेलं, पण एकेक बुश मोजून. रंगाचे सहा हजार सोडले तर एक रुपयाही जास्त वाटला नाही. इंजिन, ब्रेक, कार्बोरेटर यासाठी पाचपैकी पाच. वेळेसाठी एक, तोही पोट्टा फोन तरी उचलतो म्हणून.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, शुक्रवारी दुपारी नको. मालकानं स्वतः गाडी घेऊन यावं आणि अर्धा दिवस तिथं बसावं हा त्यांचा आग्रह असतो. ड्रायव्हर पाठवला तर परत पाठवतात. बसायला जीपचं जुनं सीट आहे, जमिनीवर आरा मशीनचा भुसा पसरलेला असतो, ऑइल शोषायला, तेव्हा पांढरे कपडे घालू नका. चहा ते पाजतात. तिसऱ्या गिअरवर गाडी हळूच गुरगुरते, त्यासाठी मला पुढची तारीख दिली आहे, पोळ्यानंतरची. कोणत्या वर्षीचा पोळा, ते मी विचारून घेतलं आहे आणि कागदावर लिहून सही घेतली आहे.