२२ची गाठ ‘३वर आली’: ठाण्यातल्या एका उपचार केंद्राचा अनुभव

मावशीला विचारूनच हे लिहितेय. केंद्राचं नाव देत नाही. अशा लोकांना पाटी बदलायला वेळ लागत नाही, पद्धत मात्र तीच राहते. म्हणून पद्धत सांगते.

मावशी कोपरखैरण्याला राहते. काका वाशीच्या मार्केटात माथाडी होते, आता घरीच असतात. तिच्या छातीत गाठ लागली. दुखत नव्हती, त्यामुळे तिने मनावर घेतलं नाही. (स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, आणि घोळ तिथेच होतो.) शेवटी मावसबहिणीने धरून नेऊन मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करून घेतली. रिपोर्टात गाठ २२ मिमी, खाली ‘बाय-रॅड्स ५’ (कॅन्सरची शंका किती, ते सांगणारा आकडा). डॉक्टरांनी लगेच बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं, सांगितली. तेवढ्यात भिशीतल्या कुणीतरी ठाण्याच्या केंद्राचा पत्ता दिला.

तिथला माणूस दडपण आणत नाही. ‘आई’ म्हणतो, चहा मागवतो, सावकाश रिपोर्ट वाचतो. ‘बाय-रॅड्स पाच म्हणजे दहातले पाच. निम्मंनिम्मं. घाबरायचं कशाला?’ ही मोजणी मुळात ६ वर संपते, आणि ६ म्हणजे बायोप्सीने आधीच सिद्ध झालेला कॅन्सर. ५ म्हणजे कॅन्सर असण्याची शक्यता ९५ टक्के किंवा त्याहून जास्त. हे घरात कुणाला माहीत असणार?

मग त्याने हुकमी पान टाकलं. ‘सुई लावू देऊ नका. सुई लागली की गाठ फुटते आणि सगळ्या अंगात पसरते.’ काकांच्या भावकीत एकाची बायोप्सी झाली होती आणि पुढच्याच महिन्यात यकृतात गाठी सापडल्या होत्या. त्यामुळे हे त्यांना लगेच पटलं.

पंधरा दिवसांच्या पुड्या, साडेआठ हजार रुपये. रोख, नाहीतर भलत्याच नावाच्या क्यूआर कोडवर. बिल मागितलं तर ‘देणगी’ची पावती. पुडीवर घटक नाहीत, बॅच नाही, लायसन्स नंबर नाही. पण मावशीला भूक लागायला लागली, अंगदुखी थांबली, चेहरा भरला. सगळे खूश. पुढे कॅन्सरच्या डॉक्टरांनी तो सुजलेला चेहरा पाहून पुडीत स्टेरॉइड असावं अशी शंका बोलून दाखवली. स्टेरॉइडने भूक वाढते, बरंही वाटतं. स्तनातली गाठ त्याने बरी होत नाही.

यापुढची चलाखी मला अजून पचत नाही. त्यानेच ‘फरक बघू’ म्हणून दुसरी सोनोग्राफी करायला लावली. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून आकड्यांभोवती लाल गोल काढले: २२ आणि ३.१. ‘बावीसवरून तीनवर आली, आई!’ काकांनी पेढे वाटले. मावसबहीण अकाउंटंट आहे, तिने आधी एकक पाहिलं. पहिला आकडा मिलिमीटरमध्ये, दुसरा सेंटिमीटरमध्ये. गाठ २२ मिमीची ३१ झाली होती. शिवाय काखेतल्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) फुगून गोल झाल्याचं त्याच रिपोर्टात लिहिलं होतं. त्यावर साहेबांचं उत्तर, ‘त्या सगळ्यांनाच असतात.’ असतात, खरंय. अशा फुगलेल्या नसतात.

खारघरला ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटाच्या कॅन्सर केंद्रात, नाव नोंदवलं. तिथे काकांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न सुईचाच विचारला. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. साधी गाठ वाढते, पण आपली हद्द सोडत नाही. कॅन्सरच्या पेशी दूधनलिकेभोवतीचं अस्तर भेदून आजूबाजूच्या मांसात शिरतात, तिथून लसिकेच्या आणि रक्ताच्या वाहिन्यांत. रक्तात गेलेल्या बहुतेक पेशी मरतात, थोड्या टिकतात. स्तनातून निघालेल्या पेशी जास्त करून हाडं, फुप्फुस, यकृत किंवा मेंदूत रुजतात. स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनने १८८९ मध्येच म्हटलं होतं की बी सगळीकडे पडतं, उगवतं मात्र मानवेल त्या जमिनीत. पाटणकडे शेती असलेल्या काकांना हे चटकन कळलं. हाडात गेला तरी तो स्तनाचाच कॅन्सर असतो आणि औषधंही त्याचीच चालतात, हेही तिथेच समजलं.

सुईच्या वाटेवर चुकून पेशी सांडणं अगदी क्वचित घडतं, आणि त्याने कॅन्सर अंगभर पसरत नाही. भावकीतल्या त्या माणसाच्या यकृतातल्या गाठी सुईने आल्या नव्हत्या. बायोप्सीनंतर सगळं अंग तपासलं जातं, तेव्हा आधीपासून असलेलं दिसतं. उलट सुईने काढलेल्या तुकड्यावरूनच कोणतं औषध लागू पडेल ते ठरतं. तो तुकडा नाही तर उपचारच सुरू होत नाहीत, आणि केंद्रातल्या माणसाला नेमकं तेच हवं होतं.

मावशीच्या काखेत पसरलाय, हाडं आणि यकृत स्वच्छ आहेत. आधी केमो, मग ऑपरेशन असं ठरलंय. पुड्या घेत घालवलेल्या काळात काखेतलं किती वाढलं ते कुणी सांगू शकत नाही. काका रोज तोच हिशोब मांडत बसतात.

कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करणं हा १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे. उरलेल्या पुड्या, पावत्या आणि लाल गोल काढलेले दोन्ही रिपोर्ट जोडले आहेत. ठाणे स्टेशनजवळच्या अशा केंद्रातून तुमच्या घरी कुणी पुड्या आणल्या असतील, तर त्या फेकू नका आणि क्यूआर कोडवर ज्या नावाने पैसे गेले त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.