अमेरिकेतील स्थलांतर सुधारणा: मोठे विधेयक, छोटे विधेयक की अर्थसंकल्पाची वाट?

अमेरिकी काँग्रेसमध्ये स्थलांतर कायद्याच्या सुधारणेवर गेली वीस वर्षे वाद चालू आहे. एवढ्या काळात नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांचा १९९० च्या कायद्याने ठरवलेला १,४०,००० चा वार्षिक कोटा मात्र जागचा हललेला नाही. त्यामुळे न्यू जर्सी, टेक्सास किंवा बे एरियात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत दर निवडणुकीच्या तोंडावर दोन प्रश्न निघतात. ज्यांना नागरिकत्व मिळाले आहे, त्यांना आपल्या प्रतिनिधीकडे नेमक्या कोणत्या विधेयकाचा आग्रह धरावा हे ठरवायचे असते. जे अजून एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहेत, त्यांना एखादे विधेयक मंजूर होईल असे धरून घर, नोकरी आणि मुलांचे शिक्षण यांची आखणी करावी की नाही, हे ठरवायचे असते.

आजवर तीन वाटा चोखाळून झाल्या आहेत: सीमासुरक्षेपासून नागरिकत्वापर्यंत सगळे विषय एकत्र बांधणारे मोठे विधेयक, एकाच मुद्द्यापुरते छोटे विधेयक, आणि साध्या बहुमताने मंजूर होणारे अर्थसंकल्पी विधेयक. यांची तुलना करताना मसुद्यात काय लिहिले आहे याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ते विधेयक कोठे अडते याकडे पाहावे लागते. हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हजमध्ये ४३५ सदस्य असले तरी कोणते विधेयक मतदानाला घ्यायचे हे प्रामुख्याने स्पीकरच्या हाती असते. शंभर सदस्यांच्या सिनेटमध्ये चर्चा थांबवून मतदानापर्यंत पोचायलाच साधारणपणे ६० मते लागतात, आणि एकमताने झटपट मंजुरी घ्यायची म्हटली तर एका सदस्याचा आक्षेपही पुरेसा ठरतो.

मोठे विधेयक

या वाटेवरचा सर्वांत यशस्वी प्रयत्न २०१३ चा. शूमर, मॅकेन, डर्बिन, ग्रॅहम, मेनेंडेझ, रुबिओ, बेनेट आणि फ्लेक या दोन्ही पक्षांच्या आठ सिनेटरांनी तयार केलेले विधेयक २७ जून २०१३ रोजी सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केले. त्यात कागदपत्रांविना राहणाऱ्या सुमारे १ कोटी १० लाख लोकांपैकी पात्र ठरणाऱ्यांसाठी सुमारे तेरा वर्षांचा नागरिकत्वाचा मार्ग होता, सीमेवरील गस्ती जवानांची संख्या जवळजवळ दुप्पट करण्याची तरतूद होती, एच-१बी चा कोटा वाढणार होता, आणि भारतीयांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोकरीच्या ग्रीन कार्डांवरील देशनिहाय मर्यादा रद्द होणार होती. म्हणजे आज ज्या एकेका तरतुदीसाठी स्वतंत्र मोहिमा चालतात, त्यांतल्या बऱ्याचशा एकाच मसुद्यात होत्या आणि सिनेटमध्ये त्यांना दोनतृतीयांशांहून अधिक पाठिंबा होता.

तरीही कायदा झाला नाही, कारण स्पीकर जॉन बेनर यांनी ते हाउसमध्ये मतदानाला घेतलेच नाही. आपल्या पक्षाच्या बहुसंख्य सदस्यांना मान्य नसलेले विधेयक सभागृहात आणायचे नाही, हा रिपब्लिकन नेतृत्वाचा अलिखित दंडक होता. जून २०१४ मध्ये हाउसमधील बहुमत पक्षाचे नेते एरिक कँटर व्हर्जिनियातील पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत डेव्हिड ब्रॅट यांच्याकडून हरले आणि उरलीसुरली आशाही मावळली. कँटर यांच्या पराभवाला इतर कारणेही होती, पण रिपब्लिकन सदस्यांनी त्यातून एकच धडा घेतला, की या विषयात हात घातला तर स्वतःची जागा जाते.

विरोधकांचे म्हणणे नुसत्या द्वेषातून आलेले आहे असे मानणे सोयीचे असले तरी ते पूर्ण खरे नाही. १९८६ मध्ये रेगन यांच्या सहीने जो कायदा झाला, त्याने सुमारे २७ लाख लोकांना वैध केले आणि बदल्यात बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकांना दंड करण्याचे आश्वासन दिले. वैधता लगेच मिळाली, पण मालकांवरील कारवाई बनावट कागदपत्रांपुढे लुळी पडली. ‘आधी अंमलबजावणी, मग वैधता’ हा रिपब्लिकन आग्रह याच अनुभवातून आलेला आहे, आणि डेमोक्रॅटांना त्याचे समाधानकारक उत्तर आजही देता आलेले नाही.

त्यानंतर या वाटेवरची सौदेबाजी आक्रसत गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये लँकफर्ड, मर्फी आणि सिनेमा या तीन सिनेटरांनी आणलेले विधेयक मुख्यतः सीमा आणि आश्रय यांविषयीचे होते; त्यात नागरिकत्वाचा मार्ग नव्हता. मात्र पाच वर्षे दरसाल ५०,००० जादा व्हिसे, एच-१बी धारकांच्या मुलांना एकविशीत पालकांच्या अर्जातून बाद होण्यापासून संरक्षण आणि जोडीदाराला काम करण्याची परवानगी अशा तरतुदी त्यात होत्या. सीमेच्या गदारोळात मराठी घरांत फारशी कोणी त्यांची दखल घेतली नाही, ही खेदाची गोष्ट आहे. ट्रम्प यांनी विरोधाची भूमिका घेताच रिपब्लिकन पाठिंबा विरला. ७ फेब्रुवारीला ४९ विरुद्ध ५० मतांनी ते अडले, आणि मे महिन्यात पुन्हा मांडले तेव्हा अनुकूल मते ४३ वर आली.

छोटे विधेयक

येथे थोडे थांबायला हवे, कारण ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या भारतीयाचा थेट संबंध याच वाटेशी आहे. नियम असा, की एका वर्षातल्या ग्रीन कार्डांपैकी कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांहून अधिक देता येत नाहीत. उच्चशिक्षित नोकरदारांच्या ईबी-२ या वर्गात वर्षाला साधारण ४०,००० ग्रीन कार्डे असतात. सात टक्क्यांच्या हिशेबाने भारताच्या वाट्याला सुमारे २,८०० येतात आणि त्यांत अर्जदाराचा जोडीदार आणि मुलेही मोजली जातात. चार लाखही लोकसंख्या नसलेल्या आइसलँडची मर्यादा तेवढीच आहे. इतर देशांनी न वापरलेली कार्डे भारतीयांकडे वळतात म्हणून प्रत्यक्ष आकडा काहीसा वाढतो, तरीही २०२५ मधल्या सरकारी व्हिसा बुलेटिनमध्ये ईबी-२ भारताची अंतिम तारीख, म्हणजे ज्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली ती, २०१२ अखेर ते २०१३ च्या पूर्वार्धातच घोटाळत होती.

ही मर्यादा काढण्याचे विधेयक २०११ मध्ये हाउसने ३८९ विरुद्ध १५ मतांनी मंजूर केले. सिनेटमध्ये रिपब्लिकन सिनेटर चक ग्रासली यांच्या आडकाठीमुळे ते रखडले आणि पुढे बारगळले. २०१९ मध्ये त्याच आशयाचे विधेयक हाउसमध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाले. सिनेटमध्ये माइक ली त्याचे पुरस्कर्ते होते, पण एकमताने मंजुरी मागितली की कोणीतरी उठून आक्षेप घ्यायचे: कधी परिचारिकांच्या काळजीने रँड पॉल, कधी डेव्हिड पर्ड्यू, कधी डिक डर्बिन. शेवटी २ डिसेंबर २०२० रोजी सिनेटने ते एकमताने मंजूर केले खरे. पण तोवर त्यात चिनी कम्युनिस्ट पक्षाशी संबंधित व्यक्तींवरील बंदीसह अशा दुरुस्त्या शिरल्या होत्या, की हाउसच्या आणि सिनेटच्या मसुद्यांचा मेळ बसेना. ३ जानेवारी २०२१ ला काँग्रेसची दोन वर्षांची मुदत संपली आणि विधेयकही संपले. डिसेंबर २०२२ मध्ये ईगल अॅक्ट या नावाने तोच विषय पुन्हा हाउसच्या पटलावर आला, व्हाइट हाउसने पाठिंबाही जाहीर केला, पण मते जुळत नाहीत असे दिसल्यावर मतदानाआधीच तो मागे घेण्यात आला. म्हणजे प्रचंड बहुमतापासून सुरू झालेली ही वाट अकरा वर्षांत अरुंद होत गेली.

डर्बिन यांच्या विरोधाला आपल्या मंडळींत फार दूषणे दिली गेली, पण त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. मर्यादा काढल्याने रांगेतला क्रम बदलतो, रांगेची लांबी तीच राहते. काँग्रेसच्या संशोधन सेवेच्या २०२० च्या अहवालातही हेच म्हटले होते: भारतीयांची प्रतीक्षा कमी होईल, इतर देशांतल्यांची वाढेल आणि एकूण थकबाकी तशीच वाढत राहील. इराणी अभियंता किंवा फिलिपिनो परिचारिका यांची रांग तेव्हा भारतीयांपेक्षा फारच छोटी होती. त्यांच्या संघटनांनी विरोध करणे साहजिक होते. डर्बिन आणि डेमोक्रॅट सिनेटर पॅट्रिक लेही यांचा पर्यायी प्रस्ताव ग्रीन कार्डांची संख्याच वाढवण्याचा होता, पण संख्यावाढ म्हटली की रिपब्लिकन मते गळतात.

संख्या वाढली तर काय होते, याचा पुरावा कायदा न बदलताच मिळालेला आहे. महासाथीच्या काळात वकिलाती बंद राहिल्याने कौटुंबिक वर्गातले न वापरलेले व्हिसे पुढच्या वर्षी नोकरीच्या वर्गाकडे वळले आणि २०२२ च्या आर्थिक वर्षात १,४०,००० ऐवजी सुमारे २,८१,००० ग्रीन कार्डे उपलब्ध झाली. देशनिहाय मर्यादा जागच्या जागी असूनही सप्टेंबर २०२२ मध्ये ईबी-२ भारताची तारीख डिसेंबर २०१४ पर्यंत पोचली. जादा कार्डे संपताच ऑक्टोबरमध्ये ती एप्रिल २०१२ वर आणि डिसेंबरमध्ये ऑक्टोबर २०११ वर मागे आली. त्यामुळे मर्यादा काढणे न्याय्य असले, तरी संख्यावाढीशिवायची मर्यादामुक्ती हा अर्धाच उपाय आहे आणि त्यासाठी शत्रू मात्र पुरेपूर जोडावे लागतात, असे माझे मत आहे.

अर्थसंकल्पाची वाट

तिसऱ्या वाटेबद्दल थोडक्यात सांगता येईल. अर्थसंकल्पी समायोजनाच्या विधेयकाला सिनेटमध्ये ६० मतांची गरज नसते, पण त्यातली प्रत्येक तरतूद मुख्यतः जमाखर्चाशी संबंधित असावी लागते. २०२१ मध्ये डेमोक्रॅटांनी वैधतेच्या तरतुदी यातून नेण्याचा तीन वेळा प्रयत्न केला आणि सिनेटच्या नियमतज्ज्ञ एलिझाबेथ मॅकडोना यांनी तिन्ही वेळा प्रतिकूल मत दिले. उलट ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या रिपब्लिकनांच्या विधेयकात सीमा आणि स्थलांतर अंमलबजावणीसाठी सुमारे १७० अब्ज डॉलर होते, त्यांत भिंतीसाठी ४६.५ अब्ज आणि स्थानबद्धतेसाठी ४५ अब्ज. सिनेटमध्ये ते ५१ विरुद्ध ५० असे उपराष्ट्राध्यक्षांच्या मताने तरले. भिंत म्हणजे खर्च आणि ग्रीन कार्ड म्हणजे धोरण, असा हा हिशेब आहे. ही वाट एकाच बाजूला उघडते. तिचा दुष्परिणाम असा, की सीमासुरक्षेचा पैसा सौद्याविना मिळाल्यामुळे मोठ्या विधेयकात रिपब्लिकनांना देण्यासारखे डेमोक्रॅटांच्या हाती फारसे उरलेले नाही.

सध्याच्या विधेयकांत हाउसमधील रिपब्लिकन मारिया एल्विरा सालाझार आणि डेमोक्रॅट व्हेरोनिका एस्कोबार यांचा जुलै २०२५ मध्ये मांडलेला डिग्निटी अॅक्ट लक्षात घेण्याजोगा आहे. दीर्घकाळ राहणाऱ्यांना दंड भरून वैध दर्जा, पण त्यातून नागरिकत्व नाही, आणि देशनिहाय मर्यादा सातवरून पंधरा टक्क्यांवर, असा त्याचा मध्यममार्ग आहे. २०१३ च्या तुलनेत तो मिळमिळीत वाटेल. मतांच्या गणितात मात्र तो अधिक प्रामाणिक आहे. तरी हाउसमध्ये नेतृत्वाची इच्छा आणि सिनेटमध्ये ६० मते या दोन्ही अटी त्यालाही लागू आहेत.

निवड करताना

मतदार असलेल्या मराठी माणसाने आपला जोर कोठे लावावा, याचे उत्तर वरील इतिहासातच आहे. या विषयावर भारतीय समाजाचे लक्ष हाउसकडे अधिक असते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२३ पासून मिशिगनमधून तेथे निवडून आले आहेत, याचे कौतुकही स्वाभाविक आहे. परंतु मर्यादामुक्तीच्या विधेयकाला हाउसने दोनदा भरघोस मते दिली, आणि दोन्ही वेळा ते सिनेटमध्ये रखडले; दुसऱ्यांदा मंजुरी मिळाली तीही फार उशिरा आणि बदललेल्या मसुद्याला. तेव्हा पत्र लिहायचे, निधी द्यायचा किंवा भेट मागायची, तर आपल्या राज्याच्या दोन सिनेटरांकडे मागावी, आणि ‘मर्यादा काढणार का’ एवढेच न विचारता ‘संख्या वाढवणार का, आणि जोडीदार आणि मुलांना कोट्याबाहेर मोजणार का’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला होकार देणे स्वस्त आहे. ३ नोव्हेंबर २०२६ च्या निवडणुकीत सिनेटच्या सुमारे एकतृतीयांश जागा आहेत. ३ जानेवारी २०२७ पर्यंत मंजूर न झालेले प्रत्येक विधेयक निकालात निघून पुन्हा पहिल्यापासून मांडावे लागेल.

रांगेत असलेल्याने मात्र वेगळा विचार करावा. त्याच्यासाठी या तिन्ही वाटांपैकी एकही नियोजनाचा आधार होण्याजोगी नाही. मालकाने ग्रीन कार्डासाठी केलेला आय-१४० हा अर्ज मंजूर असेल तर २००० सालच्या कायद्यामुळे नेहमीच्या सहा वर्षांच्या मुदतीनंतरही एच-१बी वाढवून मिळतो. आज त्याच्या हाती असलेला सर्वांत उपयोगी कायदा तोच आहे. नव्या अर्जांवर सप्टेंबर २०२५ मध्ये लावलेले १,००,००० डॉलरचे शुल्क हे दाखवते, की कार्यकारी आदेशाने परिस्थिती एका आठवड्यात बिघडू शकते, तर कायद्याने ती सुधारायला पाच काँग्रेसही पुरत नाहीत.

ज्या घरात पंधरा-सोळा वर्षांचे, भारतात जन्मलेले मूल आहे, तेथे निर्णय आणखी लवकर घ्यावा लागतो. मुलांच्या वयाचे संरक्षण हा सर्वांत कमी वादग्रस्त मुद्दा. दोन्ही पक्षांचे प्रायोजक असलेले विधेयक त्यासाठी आहे, आणि २०२२ मध्ये हाउसने ते संरक्षण विभागाच्या वार्षिक विधेयकाला जोडलेही होते. अंतिम मसुद्यात ती तरतूद गळली. प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नाव लागल्याची तारीख, २०१८ ची असेल तर मूल एकवीस वर्षांचे होण्याआधी पाळी येण्याची शक्यता फार थोडी आहे. अशा कुटुंबाने अकरावीतच एफ-१ या विद्यार्थी व्हिसामध्ये बदल, परदेशी विद्यार्थ्याची फी आणि कॅनडातली विद्यापीठे यांचा हिशेब कागदावर मांडून वकिलाला दाखवावा, आणि सिनेटरला पत्र त्याच आठवड्यात स्वतंत्रपणे पाठवावे.