शापाची गोष्ट हवीये, पण दोनातली कुठली?
इंदूरची मामेबहीण विचारतेय, जादूच्या इंग्रजी कादंबऱ्यांपैकी ‘ऑल ऑफ अस व्हिलन्स’ घेऊ की ‘अ डेडली एज्युकेशन’?

खर्चात पहिलं बरं, दोन भागांत संपतं, दुसऱ्याचे तीन, आणि तिथल्या खजुरी बाजारात, म्हणजे पुस्तकांच्या बाजारात, जुने तिन्ही एकदम मिळतील याचा भरवसा नाही.

वाचायला मात्र पहिलं जड, चार जणांच्या नजरेतून चालतं, सात घराण्यांतली पोरं जादूच्या हक्कासाठी एकमेकांच्या जिवावर उठलेली, आणि कोण जगावं हे आपल्यालाच ठरवता येत नाही, मला तर तीच त्याची खरी ताकद वाटते.

दुसऱ्यात नायिका एल एकटीच गोष्ट सांगते, शिक्षक नसलेली शाळा, पोरांना खाणारे राक्षस, वडलांकडचं घर मुंबईकडचं, पणजीचं भाकीत की ही विनाश घडवणार.

चुरस हवी तर पहिलं, एकाच मुलीत जीव गुंतवायचाय तर दुसरं घे गं.